मंजूर निराळं, चालू निराळं

(सुरगाणा येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



भारतनेट योजनेच्या सरकारी तक्त्यांत एक रकाना असतो, 'सर्व्हिस रेडी ग्रामपंचायती'. म्हणजे सेवेसाठी सज्ज असलेल्या ग्रामपंचायती. देशभरातला हा आकडा आता दोन लाखांच्या वर गेला आहे. 25 ऑक्टोबर 2011 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला मंजुरी दिली, तेव्हा तिचं नाव नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क असं होतं. 2015 मध्ये भारतनेट झालं. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर 2017 मध्ये पुरा झाला आणि ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित योजनेसाठी सुमारे 1 लाख 39 हजार कोटी रुपये मंजूर झाले. आता कुठल्याही डोंगराळ तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत जाऊन तिथल्या संगणक परिचालकाला विचारा, 'नेट आहे का?' उत्तर काय येतं ते सुरगाण्यात मी सांगावं असं काही नाही.

मला त्या रकान्याला खोटं म्हणायचं नाही. फायबर आलं, पेटी भिंतीवर बसली, विजेची जोडणी झाली, म्हणजे ग्रामपंचायत 'सज्ज' झाली. या घटकेला त्या फायबरमधून प्रकाश येतो आहे का, हे त्या रकान्याला कुणी विचारलेलंच नाही. प्रश्न दोन आहेत आणि रकाना एक. आज मी सरकारबद्दल बोलणार नाही. ज्या यंत्रणेने हे दोन प्रश्न पहिल्यापासून वेगळे ठेवले, तिच्याबद्दल बोलणार आहे. ती यंत्रणा म्हणजे संगणकाच्या आतलं कर्नेल. ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ आहे, तेव्हा फळ्यावर लिहून दाखवता येईल आणि घरी जाऊन करून पाहता येईल एवढंच सांगायचं, असं मी ठरवलं आहे.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तो भाग, ज्याच्या परवानगीवाचून कुठलाही प्रोग्रॅम यंत्राला हात लावू शकत नाही. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचं कर्नेल आहे. घराघरांतल्या बहुतेक वायफाय राऊटरांमध्येही तेच आहे. मोबाईल डेटाचं बटण दाबलं की क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये 'आरएमनेट' अशा नावाने सुरू होणारा एक इंटरफेस जागा होतो. मीडियाटेकची चिप असेल तर त्याचं नाव 'सीसीएमएनआय'ने सुरू होतं. इंटरफेस म्हणजे कर्नेलच्या हिशेबी नेटवर्ककडे उघडणारं एक दार. त्यामागे तांब्याची तार असेल, वायफायचा रेडिओ असेल, किंवा काहीच नसेल. त्याला पत्ता द्यायचा, सुरू करायचा, बंद करायचा, त्यातून एका वेळी किती मोठं पॅकेट जाऊ द्यायचं ते ठरवायचं, या सगळ्यासाठी प्रोग्रॅमला कर्नेलकडे मागणी करावी लागते. ती मागणी आत गेल्यावर तिचं काय होतं, हा आजचा विषय.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे अर्नेट हा प्रकल्प 1986 मध्ये सुरू झाला, इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या पैशांतून. सुरुवातीच्या आठ संस्थांपैकी दोन मुंबईच्या होत्या, जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी. त्यांच्यातले सुरुवातीचे ईमेल साध्या टेलिफोनवरून गेले. एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, पत्रं द्यायची-घ्यायची आणि फोन ठेवून द्यायचा, अशी ती यूयूसीपी नावाची पद्धत. तिच्यात यंत्राला नाव पुरायचं, आयपी पत्ता लागायचा नाही. पत्ता नाही म्हणून पत्ता बसवण्याची भानगडही नाही. ती भानगड कायम जोडलेल्या नेटवर्कबरोबर आली. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि मग ती हळूहळू प्रत्येक कार्यालयात पोचली.

तिचं मूळ मात्र अमेरिकेत, बर्कलीच्या युनिक्समध्ये. 1983 च्या 4.2 बीएसडी या आवृत्तीत सॉकेट आले आणि 'आयएफकॉन्फिग' नावाची आज्ञा आली. कर्नेलशी बोलायची तिची रीत जरा विचित्रच आहे. आधी एक सॉकेट उघडायचा, ज्यातून एकही अक्षर कुठे पाठवायचं नाही. मग त्या सॉकेटवर 'आयऑक्टल' नावाची हाक मारायची आणि सोबत एक ठरलेला साचा द्यायचा. साच्यात पहिल्या 16 बाइट इंटरफेसच्या नावाला. शेवटचा बाइट रिकामा ठेवावा लागतो, म्हणून नावात अक्षरं 15 च बसतात, आणि ही मर्यादा लिनक्समध्ये आजही पाळावी लागते. पुढच्या जागेत एकच गोष्ट मावते. पत्ता तरी, नाहीतर मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा) तरी, नाहीतर झेंडे (इंटरफेसच्या स्थितीच्या खुणा) तरी.

एका हाकेत एकच गोष्ट, याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. समजा, शाळेच्या संगणकाला 10.20.5.7 हा पत्ता द्यायचा आहे आणि आपल्या नेटवर्कमध्ये आपण धरून 256 पत्तेच आहेत. जुन्या रीतीत आधी पत्ता सांगायचा. मास्क अजून सांगितलेला नसतो, म्हणून कर्नेल जुन्या वर्गवारीप्रमाणे आपणच एक मास्क गृहीत धरतं. 10 ने सुरू होणारा पत्ता 'अ' वर्गातला, म्हणून मास्क 255.0.0.0. क्षणभर त्या संगणकाची समजूत अशी होते की 10 ने सुरू होणारे जगातले दीड कोटीहून जास्त पत्ते आपल्याच खोलीत आहेत. मग दुसरी हाक येते, मास्कची, आणि समजूत दुरुस्त होते. मधला क्षण फार लहान असतो, बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. पण त्या क्षणात पॅकेट निघालंच तर ते चुकीच्या वाटेने जाणार. मला हा दोष तांत्रिक वाटत नाही, तो अर्जाच्या नमुन्याचा आहे. अर्जात पूर्ण गोष्ट लिहायला जागाच नव्हती.

लिनक्सने यावर उपाय केला तो 'नेटलिंक' या नावाने. 1999 च्या जानेवारीत आलेल्या 2.2 या आवृत्तीत ॲलेक्सी कुझ्नेत्सोव्ह या रशियन प्रोग्रॅमरने नेटवर्कचा हा सगळा भाग नव्याने रचला. आज आपण वापरतो ती 'आयपी' ही आज्ञा त्याच कामातून आली. आयएफकॉन्फिग अजून चालते, तिच्या आयऑक्टल हाका कर्नेलने बंद केलेल्या नाहीत. जुन्या लोकांना एकदम दारातून परत पाठवायचं नाही, असा कर्नेलवाल्यांचा कडक दंडक आहे. पण नवं काही शिकायचं तर 'आयपी' शिका, असं मी इथल्या महाविद्यालयातल्या मुलांना आग्रहाने सांगेन.

आता 'आयपी लिंक सेट ईथ0 अप' अशी आज्ञा दिली असं धरू. ईथ0 हे इंटरफेसचं नाव. आज्ञेतून एक छोटा संदेश तयार होतो. त्याचा गाभा 32 बाइटांचा, 16 बाइटांचं शीर्षक आणि 16 बाइटांचा मजकूर. शीर्षकात संदेशाची लांबी, प्रकार, उत्तर हवं आहे की नाही, आणि अनुक्रमांक. मजकुरात इंटरफेसचा क्रमांक आणि झेंडे. झेंड्यांसाठी दोन खाने आहेत, हे मला फार आवडतं. एका खान्यात नवी किंमत, दुसऱ्यात 'यांतल्या कुठल्या झेंड्यांना हात लावायचा आहे' याची खूण. मी 'अप'चा झेंडा वर कर म्हटलं तर बाकीचे झेंडे जसेच्या तसे राहतात. जे मागितलं तेवढंच बदलतं.

हा संदेश कर्नेलमध्ये गेल्यावर काय होतं, ते तलाठी कार्यालयातल्या फेरफाराशी ताडून पाहा. जमीन नावावर करायची तर थेट सातबाऱ्यावर पेन चालवता येत नाही. अर्ज करायचा, अर्जदाराचा अधिकार तपासला जातो, फेरफाराच्या वहीत नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतर सातबारा बदलतो. कर्नेलचं काम याच क्रमाने चालतं, फक्त 15 दिवसांऐवजी सेकंदाचा अगदी लहानसा भाग लागतो.

पहिलं, अधिकार. 'माहिती द्या' एवढीच मागणी असेल तर कुणालाही मिळते. बदल करायचा असेल तर 'नेट ॲडमिन' हा अधिकार लागतो, तो नसेल तर मागणी तिथेच परत. दुसरं, कुलूप. नेटवर्कची मांडणी बदलण्यासाठी एकच मोठं कुलूप आहे, आरटीएनएल नावाचं. ते ज्याच्या हातात, तोच बदल करणार, बाकीचे रांगेत. तिसरं, नेटवर्कचं कार्ड जागेवर आहे का? यूएसबीचं कार्ड कुणी मध्येच उपटलेलं असू शकतं. चौथं, हरकती. कर्नेलच्या आतल्या ज्या भागांना या इंटरफेसशी देणंघेणं आहे, त्यांना आधी कळवलं जातं, 'हा सुरू होऊ घातला आहे.' त्यांतला एखादा नकार देऊ शकतो आणि त्याने नकार दिला की काम तिथेच थांबतं. पाचवं, प्रत्यक्ष काम. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कर्नेलचा भाग, बोलावला जातो. तो पॅकेटं ठेवायला स्मरणात जागा मागतो, इंटरप्ट मागतो, कार्ड जागं करतो. हे सगळं जमलं तरच 'अप' हा झेंडा वर जातो.

आणि सहावं, जाहीर करणं. कर्नेल हा बदल दोघांना सांगतं. आतल्या भागांना पुन्हा एकदा, की झालं बरं का. तेव्हा, तार जिवंत असेल तर, आयपीव्ही6 चा (म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीचा) भाग लगेच त्या इंटरफेसला 'एफई80'ने सुरू होणारा एक स्थानिक पत्ता देऊ लागतो. पण तो पत्ता वापरण्याआधी आजूबाजूला विचारून घेतो, 'हा पत्ता आधीच कुणाकडे आहे का?' उत्तर येण्याची वाट पाहीपर्यंत पत्ता 'तात्पुरता' म्हणून धरलेला असतो. दुसरं सांगणं बाहेरच्यांना. जे जे प्रोग्रॅम कान देऊन बसलेले असतात त्या सगळ्यांना नेटलिंकवरून एकच सूचना जाते. मागणी एकाने केली, बातमी सर्वांना. आयऑक्टलच्या जुन्या रीतीत ही सोय नव्हती. बदल झाला का, हे कळायला पुन्हा पुन्हा विचारत बसावं लागे.

ज्याने मागणी केली त्याला पोच मिळते, आणि त्या पोचेची गंमत अशी की ती 'त्रुटी' या प्रकाराच्याच कागदावर येते. काम झालं असेल तर त्रुटीचा क्रमांक शून्य असतो. नामंजुरी असेल तर क्रमांक वेगळा. बरीच वर्षं कर्नेल फक्त क्रमांक द्यायचं आणि कारण तुम्ही ओळखायचं. एकच पत्ता दोनदा द्यायला गेलं तर पडद्यावर यायचं, 'फाइल एक्झिस्ट्स'. फाइलचा तिथे काही संबंध नसतो. 'आधीच आहे' याच अर्थाचा एक जुना क्रमांक युनिक्समध्ये फाइलींसाठी होता, तोच इथे वापरला. नव्या माणसाला त्यातून काय कळणार? 2017 मध्ये, 4.12 या आवृत्तीपासून, कर्नेलला नामंजुरीचं कारण शब्दांत लिहून देण्याची सोय झाली. नकार देणाऱ्या कार्यालयाने कारण लिहून द्यावं, ही अपेक्षा आपण तहसील कचेरीकडून ठेवतो. कर्नेलवाल्यांनाही ती पुरी करायला आवृत्ती चारपर्यंत थांबावं लागलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगत नाही.

आता मुद्द्याचं. इथपर्यंत जे झालं ते सगळं मंजुरीचं झालं. 'अप' झेंडा वर गेला याचा अर्थ एवढाच की हा इंटरफेस चालू असावा असं व्यवस्थापकाने ठरवलं, आणि ड्रायव्हर तयार आहे. तार लागली आहे का, पलीकडे कुणी आहे का, हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. त्याचं उत्तर व्यवस्थापक देऊच शकत नाही, ते कार्डाकडून येतं. तारेच्या दुसऱ्या टोकाचं यंत्र जागं आहे, दोन्ही कार्डांचं वेगाबद्दल एकमत झालं आहे, असं कार्डाला दिसलं की ड्रायव्हर कर्नेलला कळवतो, 'कॅरियर आला.' तेव्हा दुसरा झेंडा वर जातो, 'लोअर अप'. तार निघाली की तो खाली येतो आणि यादीत 'नो कॅरियर' असे शब्द दिसतात. 'अप' मात्र तसाच वर राहतो.

म्हणून तार निघालेल्या एखाद्या संगणकावर 'आयपी लिंक' असं लिहिलं की त्रिकोनी कंसात 'नो कॅरियर' आणि 'अप' हे दोन्ही शब्द एकाच ओळीत दिसतात. शिकणाऱ्याला हा विरोधाभास वाटतो. मला वाटतं, त्या ओळीइतका प्रामाणिक शासकीय अहवाल मी पाहिलेला नाही. मंजूर आहे, चालू नाही. दोन्ही एका ओळीत, एकमेकांना न झाकता. दोन रकाने स्वतंत्र ठेवण्याची ही पद्धत फक्त लिनक्सची नाही. इंटरफेसची व्यवस्थापकीय स्थिती आणि कार्यस्थिती वेगळी नोंदवावी, हा नेटवर्कच्या जगातला जुना रिवाज आहे आणि मोठ्या कंपन्यांच्या राऊटरांतही तो पाळला जातो.

पावसाळ्यात सुरगाण्याच्या घाटांत तारांचं काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पूर्ण तुटली तर बरं, कळतं तरी. अर्धवट तुटलेली, पाणी शिरलेली तार येते-जाते, येते-जाते. प्रत्येक वेळी कर्नेलने सगळ्यांना सूचना काढली तर ऐकणारे प्रोग्रॅम त्यातच गुंतून पडतील. म्हणून कर्नेलमध्ये 'लिंकवॉच' नावाचा भाग आहे. तातडीच्या नसलेल्या अशा बातम्या तो साठवतो आणि साधारण सेकंदाला एकदाच बाहेर देतो. मधल्या लुकलुकण्याची दखल घेतो, दवंडी पिटत नाही.

पण एक इशारा दिला पाहिजे, नाहीतर मी कर्नेलची नुसती आरती केली असं होईल. 'लोअर अप' हा झेंडा फक्त पहिल्या तारेबद्दल बोलतो. ग्रामपंचायतीतला संगणक भिंतीवरच्या पेटीला तीन मीटरच्या केबलने जोडलेला असतो. पेटीला वीज असेल तर ती केबल जिवंत, म्हणून संगणकात 'अप' आणि 'लोअर अप' दोन्ही. पलीकडे रस्ता रुंद करताना कुणाच्या यंत्राखाली फायबर तुटलं असेल, तर त्याचा पत्ता संगणकाच्या कर्नेलला नसतो. ते कळतं पेटीवरच्या दिव्यातून. 'पॉन' हा हिरवा दिवा गेलेला आणि 'एलओएस' हा लाल लागलेला. तेव्हा परिचालकांनी तक्रार करताना 'नेट नाही' एवढंच लिहू नये. संगणकाचा कॅरियर आहे का आणि पेटीचा लाल दिवा लागला आहे का, या दोन गोष्टी लिहिल्या तर समोरच्याला अर्धं निदान आयतं मिळतं आणि 'संगणक तपासून घ्या' हे उत्तर देता येत नाही.

आणखी एक, फार लोकांना चकवणारी गोष्ट. नेट अडलं की आपण इंटरफेस बंद करून पुन्हा सुरू करतो. हाताने पत्ते बसवलेल्या संगणकावर असं केलं तर कधी कधी आधी थोडंफार चालणारं नेट पूर्णच जातं. का? इंटरफेस खाली गेला की कर्नेल त्याच्यावरून जाणारे सगळे मार्ग पुसून टाकतं, बाहेरच्या जगाकडे नेणारा 'डिफॉल्ट' मार्गसुद्धा. आयपीव्ही4 चा पत्ता मात्र टिकून राहतो. पुन्हा सुरू केला की त्या पत्त्यावरून आपल्या खोलीतल्या नेटवर्कचा मार्ग कर्नेल आपोआप बांधतं. डिफॉल्ट मार्ग बांधत नाही, कारण तो पत्त्यातून निघत नाही, तो कुणीतरी वेगळा सांगितलेला असतो. आयपीव्ही6 चं आणखी निराळं. तिथे इंटरफेस बंद केला की मूळ मांडणीत पत्तेसुद्धा जातात. नेटवर्क मॅनेजरसारखा प्रोग्रॅम असेल तर तो सूचना ऐकून सगळं परत मांडतो. तो नसेल तर मार्ग पुन्हा आपणच सांगायचा.

त्या मोठ्या कुलपाकडे थोडं परत येतो. 1990 च्या दशकात एका यंत्रात दोन-चार इंटरफेस असत, तेव्हा एक कुलूप पुरेसं होतं. 2008 च्या जानेवारीत आलेल्या 2.6.24 या आवृत्तीपासून कर्नेलमध्ये नेटवर्कच्या स्वतंत्र 'नेमस्पेस' करता येऊ लागल्या. एकाच यंत्रात अनेक जणांची वेगवेगळी नेटवर्कं, प्रत्येकाचे इंटरफेस निराळे, मार्ग निराळे. आज मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमधल्या एका यंत्रात असे शेकडो संसार नांदतात आणि त्या सगळ्यांच्या मागण्या एकाच कुलपासमोर येऊन उभ्या राहतात. हे कुलूप नेमस्पेसनिहाय वाटून द्यायचं काम गेल्या काही वर्षांत सुरू झालं आहे आणि ते किचकट आहे. दोन नेमस्पेसना जोडणारी आभासी तार असेल तर दोन कुलपं लागतात, आणि ती कुठल्या क्रमाने घ्यायची हे चुकलं तर दोघंही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतात.

मघापासून मी यंत्राच्या आत आहे. बाहेर येऊन आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात जाऊ. जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि आपले डोंगर काही फार वेगळे नाहीत. आयआयटी मुंबईत प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने 'ग्राम मार्ग' नावाचा प्रकल्प झाला. पालघरच्या खामलोली गावाच्या पाड्यांवर त्यांनी दूरदर्शनच्या यूएचएफ पट्ट्यातल्या मोकळ्या लहरी वापरून नेट पोचवून पाहिलं. या लहरी झाडीतून, उंचसखल जागेतून वायफायपेक्षा चांगल्या जातात. पुढे त्याच जिल्ह्यातल्या 25 गावांपर्यंत काम नेलं, आणि 2017 मध्ये मोझिलाच्या 'इक्वल रेटिंग' स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या कंपन्यांना जी गावं परवडत नाहीत, तिथे शेवटचे काही किलोमीटर बिनतारी कसे ओलांडायचे, हा तिथला प्रश्न होता.

अशा ठिकाणी स्वस्त राऊटर हाताशी आला की माणसं त्यात 'ओपनडब्ल्यूआरटी' टाकतात. त्याची सुरुवात 2004 ची. लिंक्सिस कंपनीच्या एका निळ्या राऊटरमध्ये लिनक्स आहे हे लोकांनी ओळखलं, परवान्याच्या अटींप्रमाणे कंपनीला सोर्स खुला करावा लागला आणि त्यातून हे उभं राहिलं. त्यात 'नेटआयएफडी' नावाचा एक छोटा सेवक प्रोग्रॅम असतो. राऊटरच्या फाइलीत आपण लिहितो ती असते आपली इच्छा. नेटआयएफडी ती वाचतो, नेटलिंकवरून कर्नेलकडे मागणी करतो आणि कर्नेलच्या सूचना ऐकत बसतो. रेडिओचा दुवा पडला की त्याला कळतं, परत आला की तो पत्ते आणि मार्ग पुन्हा मांडतो. टेकडीवरच्या खांबावर चढून कुणी बटण दाबायला नको. उन्हाळ्यात ठीक आहे, जुलैत इथल्या टेकडीवर कोण चढणार?

खिशातल्या फोनमध्येही हेच चालतं. आपल्या गुजरातच्या सीमेवरच्या पाड्यांवर मोबाईल कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी डांगचा किंवा धरमपूरकडचा. दूरसंचार खात्याच्या नकाशात महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन निराळी सर्कल. 2022 च्या अखेरीस तालुक्यातल्या काही सीमेवरच्या गावांनी सोयी मिळत नाहीत म्हणून गुजरातेत जाण्याची मागणी केली होती, ती तुम्ही विसरला नसाल. फोनने तो निर्णय बिनबोभाट कधीच घेऊन टाकलेला आहे, जिथून लहरी येतील तिकडे. आतल्या कर्नेलला यातलं राजकारण कळत नाही. त्याला एवढंच कळतं की मोडेमने नवा पत्ता आणला आहे, अँड्रॉइडच्या 'नेटडी' या सेवकाकडून तशी मागणी आली आहे, जुने मार्ग काढायचे, नवे घालायचे आणि सगळ्यांना कळवायचं. आणि हो, फोनच्या पडद्यावरच्या त्या दांड्या लहरींची ताकद दाखवतात. नेट चाललं आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. अँड्रॉइड ते वेगळं तपासतो, गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विचारणा करून. ते काम कर्नेलचं नाही, आणि कर्नेलने ते अंगावर घेतलेलंही नाही.

शेवटी मुलांसाठी. शाळेच्या संगणकावर ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही, ही तुमची तक्रार मला येताना ऐकायला मिळाली. पासवर्ड न देणाऱ्या सरांचं बरोबर आहे. पण लिनक्स असेल तर बऱ्याच ठिकाणी पासवर्डवाचूनही हे करून पाहता येतं. 'अनशेअर' ही आज्ञा उणे-आर आणि उणे-एन या दोन खुणांसह द्या. कर्नेल तुम्हाला एक कोरी नेमस्पेस देतं आणि तिच्यापुरता 'नेट ॲडमिन'चा अधिकारही. बाहेरच्या नेटवर्कला तिथून धक्का लागत नाही. एका खिडकीत 'आयपी मॉनिटर' चालू ठेवायचं असेल तर तेही याच नेमस्पेसमध्ये चालवा, म्हणजे कर्नेलच्या सूचना येताना दिसतील.

त्या कोऱ्या जागेत 'आयपी लिंक' लिहिलंत तर एकच इंटरफेस हमखास दिसेल, 'लो', म्हणजे लूपबॅक, ज्यावरून यंत्र स्वतःशीच बोलतं. तोसुद्धा बंद असेल. 127.0.0.1 ला पिंग करून पाहा, 'नेटवर्क इज अनरीचेबल' असं उत्तर येईल. स्वतःशी बोलायचं तरी आधी मागणी करावी लागते. 'आयपी लिंक सेट लो अप' म्हणा, मॉनिटरच्या खिडकीत सूचना येईल, पिंग चालू लागेल. मग पुन्हा 'आयपी लिंक' लिहून 'स्टेट' या शब्दापुढे काय आहे ते वाचा. पिंगला उत्तर मिळतं आहे, इंटरफेस तुम्हीच सुरू केला आहे, तरी तिथे 'अप' लिहिलेलं नसेल. लूपबॅकला तार नाही, कॅरियर आल्या-गेल्याचं कळवणारं कार्ड नाही, म्हणून कर्नेलने तिथे लिहिलेलं असेल, 'अननोन'.